मोटारीचे दोन रंग : एका सीमारेषेचा इतिहास

मराठी भाषेत ‘दुरंगी’ ह्या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. ज्याच्या बोलण्याचा आणि वागण्याचा मेळ नाही, त्या माणसाला आपण दुरंगी म्हणतो. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत ‘दुरंगी सामना’ येतो, तेथेही भाव भांडणाचाच. आणि तरीही दोन रंग शेजारी शेजारी नांदविण्याची कला आपल्या घरात फार जुनी आहे. लुगड्याचे अंग एका रंगाचे आणि काठपदर दुसऱ्या रंगाचे. घराच्या भिंतीला वर चुना आणि खाली गेरूचा पट्टा. शाळांतून आणि कचेऱ्यांतून कमरेच्या उंचीपर्यंत गडद तेलरंग आणि त्यावर फिका हात. ह्या सर्व ठिकाणी शोभा येते ती नुसत्या रंगांमुळे नव्हे. दोन रंग जेथे भेटतात तेथील रेघ नेमकी असावी लागते. काठ वाकडा विणला गेला, तर रेशीम कितीही उंची असो, लुगडे उतरते.

प्रस्तुत लेखाचा विषय अशीच एक रेघ हा आहे. मात्र ती मोटारगाडीच्या अंगावरची आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मोटारीच्या रंगाचा विषय कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर साधे आहे. आमच्या मंडळाची स्थापना झाली त्या काळात भारतातील रस्त्यांवर देशी बनावटीच्या मोटारी म्हणजे फियाट, अँबॅसडर आणि मद्रासच्या कारखान्याची स्टँडर्ड, एवढाच पसारा होता. अशी एखादी गाडी आजही काही घरांतून वडिलांची किंवा काकांची आठवण म्हणून जपलेली आढळते. कधीतरी ती नव्याने रंगविण्याची वेळ येते आणि घरात दोन पक्ष पडतात. तरुणांना वाटते की टप एका रंगाचा आणि अंग दुसऱ्या रंगाचे करून गाडीला नवी शोभा आणावी. वडीलधारे म्हणतात, गाडी ज्या रंगात घरी आली त्याच रंगात राहू द्या. दोन्ही पक्ष हा आवडीनिवडीचा प्रश्न समजून भांडतात. आम्हांस मात्र असे वाटते की, ह्या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो इतिहास ठाऊक असला तर निर्णय करणे पुष्कळ सोपे होते.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगावयाचे तर असे : दुरंगी मोटारीत रंग निवडणे हे दुय्यम काम आहे; मुख्य काम रेघ कोठे ओढावी हे ठरविण्याचे. आणि ती रेघ कोठे पडावी हे प्रत्येक काळी तीन गोष्टींनी ठरविले आहे : गाडीच्या अंगाची घडण, रंगाचा जिन्नस आणि रंगाबद्दल हुकूम देण्याचा अधिकार.

मोटारीच्या आधी घोड्यांच्या बग्ग्या होत्या, आणि मोटारीने आपले पहिले कपडे बग्गीकडूनच उसने घेतले. बग्गीचे अंग लाकडी चौकटीवर फळ्या बसवून केलेले असे. वरची खिडक्यांची फळी आणि खालची दाराची फळी ह्यांच्या सांध्यावर एक उठावदार पट्टी मारलेली असे. तिला आपण कमरपट्टी म्हणू. ह्या पट्टीच्या वर काळा किंवा गडद रंग आणि खाली मालकाच्या पसंतीचा रंग, अशी रीत होती. रंगाचा सांधा पट्टीखाली झाकला जाई. शिवाय कुशल कारागीर लांब केसांच्या बारीक कुंचल्याने तिच्यावरून एक सलग रेघ ओढीत असे. म्हणजे दोन रंगांची सीमा कोणा शोभाकाराच्या कल्पनेतून निघालेली नाही; ती सुताराच्या सांध्यातून निघाली. रंग तेलाचा आणि व्हार्निशाचा. एक हात द्यावा, तो वाळू द्यावा, घासावा, मग दुसरा द्यावा, असे अनेक हात चालत आणि एक वाहन पुरे होण्यास कित्येक आठवडे लागत. धीर आणि पैसा ह्या दोन्ही गोष्टी ज्यांच्यापाशी होत्या त्यांच्यासाठीच हा मामला होता.

मोटारींचे उत्पादन हजारांवर आणि मग लाखांवर गेले तेव्हा हा धीर परवडेनासा झाला. १९०८ साली बाजारात आलेली फोर्डची ‘मॉडेल टी’ ही गाडी आरंभी निरनिराळ्या रंगांत मिळत असे. परंतु १९१४ ते १९२५ ह्या काळात ती केवळ काळ्या रंगातच निघाली. काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि सर्व गाड्या एकाच रंगाच्या असल्या की कारखान्याची साखळी अडत नसे. रंग निवडण्याचा जो अधिकार बग्गीच्या मालकाकडे होता, तो अशा रीतीने कारखानदाराकडे गेला.

तो अधिकार ग्राहकाकडे काही अंशी परत आला तो रसायनशास्त्रामुळे. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी नायट्रोसेल्युलोज ह्या पदार्थाचे उत्पादन प्रचंड वाढले होते. युद्ध संपल्यावर त्याचा शांततेच्या कामी उपयोग शोधताना अमेरिकेतील ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स ह्या कंपन्यांनी त्यापासून मोटारीचा जलद वाळणारा रंग सिद्ध केला. त्याचे नाव ‘ड्यूको’. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीच्या १९२४ च्या नमुन्यावर तो निळ्या रूपात प्रथम झळकला. हा रंग फवाऱ्याने मारता येई आणि काही तासांत वाळे. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. तेल-व्हार्निशाच्या मानाने त्याच्या छटाही पुष्कळ निघू शकत. आपल्याकडील कारागिरांच्या बोलीत ‘ड्यूको’ हा शब्द पुढे इतका रुळला की, एका कंपनीच्या मालाचे ते नाव आहे ह्याचा विसरच पडला. लाकडी कपाटाला फवाऱ्याने दिलेल्या रंगालाही लोक ड्यूकोच म्हणू लागले. १९२७ साली जनरल मोटर्सने हार्ले अर्ल ह्यांच्या हाताखाली रंग आणि आकार ह्यांचा विचार करणारा एक स्वतंत्र विभागच उघडला. मोटार ही चालणारी यंत्रणा असली तरी ती पाहण्याची वस्तूही आहे, ही गोष्ट कारखान्याच्या हिशेबात त्या दिवशी लिहिली गेली.

परंतु नव्या रंगाने एक नवी अडचण आणली, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. कुंचल्याने रंग देताना हात कोठे थांबवायचा हे कारागिराच्या मनगटावर होते. फवारा मनगटाचे ऐकत नाही. तो जेथे जावयाचे तेथे जातो आणि जेथे जाऊ नये तेथेही जातो. म्हणून पहिला रंग दिल्यावर तो भाग झाकून मगच दुसरा रंग फवारणे भाग पडले. झाकण्यासाठी वर्तमानपत्रे किंवा जाड कागद घेऊन ते खळीने अथवा चिकट पट्ट्यांनी बसवीत. काम झाल्यावर ते सोलू लागले की कागदाबरोबर पहिल्या रंगाचे पापुद्रेही निघून येत आणि सारी मेहनत वाया जाई. दुरंगी मोटारींची हौस वाढत होती आणि रंगाऱ्यांच्या शिव्याही.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेंट पॉल ह्या गावी एका मोटार-रंगशाळेत १९२३ च्या सुमारास एक तरुण घासकागदाचे नमुने घेऊन आला होता. त्याचे नाव रिचर्ड ड्रू. तो ज्या कंपनीत प्रयोगशाळा-साहाय्यक होता ती आज ‘थ्री एम’ ह्या नावाने जगभर प्रसिद्ध आहे. तेव्हा तिचा मुख्य धंदा घासकागदाचा होता. रंगाऱ्यांची ती वैतागलेली अवस्था पाहून ड्रू ह्यांनी घट्ट बसेल पण रंग न उखडता निघेल अशी पट्टी करून देण्याचे मनावर घेतले. चिकटविणे सोपे आणि सोडविणेही सोपे. परंतु एकाच वस्तूने ही दोन्ही कामे वेळेवर करणे फार अवघड. वरिष्ठांनी हा नाद सोडून नेमलेल्या कामाकडे वळण्यास सांगितले, तरी ड्रू ह्यांनी तो सोडला नाही. अखेरीस १९२५ साली सुरकुत्यांच्या कागदावर सौम्य चिकटा लावलेली पट्टी तयार झाली. आरंभीच्या पट्टीला चिकटा केवळ कडांना होता. तेव्हा एका रंगाऱ्याने कंपनीच्या चिक्कूपणाला टोमणा मारला आणि त्यातूनच ‘स्कॉच टेप’ हे नाव आले, अशी आख्यायिका सांगतात. आज घर रंगविणारा, लाकूडकाम करणारा, चित्रकार, सारेच जी ‘मास्किंग टेप’ वापरतात, तिचा जन्म दुरंगी मोटारीच्या पायी झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ह्या पट्टीचा परिणाम दूरवर झाला. आतापर्यंत रेघ सांध्याशी बांधलेली होती. कमरपट्टी जेथे असेल तेथेच रंग बदलावा लागे. आता सपाट पत्र्यावर कोठेही, वळणदारही, स्वच्छ रेघ ओढता येऊ लागली. सुताराच्या हातून ती रेघ चित्रकाराच्या हाती आली म्हणा ना. युरोपातील उंची गाड्यांत ह्या मोकळीकीचे फळ दिसते. १९३० च्या दशकाच्या आरंभी बुगाटी घराण्यातील तरुण जां बुगाटी ह्यांनी ‘टाइप ५५’ ह्या उघड्या गाडीवर एका रंगातून दुसरा रंग वळसा घेत मागे जाईल अशी योजना केली. ती गाडी उभी असतानाही धावते आहे असे वाटते.

त्या काळी उंची मोटार तयार मिळत नसे. रोल्स-रॉईससारखी कंपनी एंजिन आणि चासी देई. तिच्यावरचे अंग ग्राहक निराळ्या कारखान्याकडून करवून घेई. आकार, आसने, रंग, रेघ, सर्व काही त्याच्या मर्जीप्रमाणे ठरे. ‘आपल्या मनासारखी रंगवून घेतलेली गाडी’ ह्या कल्पनेचे मूळ येथे आहे, आणि भारतीय संस्थानिक हे तिचे मोठे आश्रयदाते होते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना ह्यांतील एक उदाहरण विशेष जवळचे वाटेल. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) हे आधुनिक कलेचे मोठे जाणकार. त्यांचा माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुकार एकार्ट म्युथेसियस ह्यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी उभा केला. ब्रांकुशीसारख्या शिल्पकाराच्या कृती त्यांच्या संग्रही होत्या. हीच दृष्टी त्यांच्या मोटारींतही उतरली. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या बलाढ्य चासीवर त्यांनी लंडनच्या गर्नी नटिंग ह्या कारखान्याकडून केवळ दोन आसनांचे उघडे अंग करवून घेतले आणि ते नारिंगी व काळ्या रंगात रंगविले गेले. अमेरिकेची चासी, विलायतेचे अंग आणि इंदूरची रंगदृष्टी असा तो संगम होता. ही गाडी अभ्यासकांच्या जगात आजही नावाजली जाते. दोन रंग कसे योजावेत ह्याचा धडा घ्यावयाचा झाल्यास तो माळव्यातही मिळतो.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच मोटारीच्या घडणीत आणखी एक फरक पडला होता. पूर्वी बंद गाड्यांच्या टपाचा मधला भाग पत्र्याचा नसून कापडाने मढविलेला असे. १९३० च्या दशकाच्या मध्यास सबंध पोलादी पत्र्याचे टप निघू लागले. लाकडी चौकट गेली, फळ्यांचे सांधे गेले, कमरपट्टीही हळूहळू मावळली. पण रंगाला एक मोठे नवे क्षेत्र मिळाले, ते म्हणजे टप. टप एका रंगाचा आणि अंग दुसऱ्या रंगाचे ही आज आपल्या परिचयाची मांडणी येथून रूढ झाली. १९५० च्या दशकात अमेरिकेत दुरंगी गाड्यांची अक्षरशः लाट आली. १९५५ च्या शेव्हरोले बेल एअरच्या कुशीवर क्रोमच्या पट्ट्या अशा बसविल्या होत्या की, त्यांच्या आतला भाग निराळ्या रंगात खुलून दिसावा. कमरपट्टीच जणू चकाकते रूप घेऊन परत आली. त्याच वर्षी डॉज कंपनीने स्त्रियांसाठी म्हणून गुलाबी आणि पांढऱ्या रंगात ‘ला फाम’ नावाची गाडी काढली. ती चालली नाही आणि १९५६ नंतर बंद झाली. केवळ रंगाच्या जोरावर ग्राहक जिंकता येत नाही, हे त्या प्रसंगाने दाखविले. विलायतेत हिलमन मिंक्ससारख्या मध्यमवर्गीय गाड्याही ह्या दशकाच्या मध्यास दोन रंगांत मिळू लागल्या होत्या.

ह्या लाटेचे तुषार भारतापर्यंत आले, परंतु लाट आली नाही. त्याचे कारण आवडीत नव्हते, धोरणात होते. स्वतंत्र भारताच्या सरकारने ज्यांचा येथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही अशा परकी कंपन्यांना नुसत्या जोडणीची मुभा ठेवली नाही. मुंबईत १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५० च्या दशकाच्या मध्यास आपले काम आवरले. मग राहिले ते देशी कारखाने. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० निघू लागली. तिच्या गुबगुबीत आकारामुळे मराठी माणसाने तिचे ‘डुक्कर फियाट’ असे नामकरण केले. १९६४ साली तिच्या पुढची आवृत्ती आली आणि तीच १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवर आधारलेली अँबॅसडर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तयार होऊ लागली. ह्या गाड्यांचे मूळ परदेशी अवतार दोन रंगांतही विकले जात. आपल्याकडे मात्र गाडीच मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. तेथे रंगाचा हट्ट कोण धरणार? जो रंग येईल तो आपला, अशी वृत्ती झाली. हौस असलेला गृहस्थ पुढे कधीतरी गल्लीतल्या गॅरेजात गाडी नेई आणि लांबी भरून, पॉलिश पेपर मारून, आपल्या मनाप्रमाणे रंग देववून घेई. कारखान्याने नाकारलेली निवड कोपऱ्यावरचा पेंटर परत मिळवून देत असे. ह्या कारागिरांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. पण भारतातील दुरंगी मोटारीचा इतिहास मुख्यतः त्यांच्या हातचा आहे.

ह्या हौशी रंगकामाच्या पलीकडे एक दुरंगी मोटार मात्र आपल्या डोळ्यांसमोर हजारोंच्या संख्येने धावत होती आणि तिच्याकडे आपण त्या दृष्टीने कधी पाहिलेच नाही. ती म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. वर पिवळा म्हणजे दुरून ओळखू यावी. खाली काळा म्हणजे डाग आणि चिखल लपावा, असे ह्या योजनेचे कारण परंपरेने सांगितले जाते. ते काही असो, योजना म्हणून ती निर्दोष होती. रेघ टपाच्या कडेला, खिडक्यांच्या वर. पत्र्याच्या घडणीने जी हद्द आयती दिली तीच पाळलेली असल्यामुळे कोणत्याही साध्या गॅरेजात, थोड्या खर्चात, पुन्हा पुन्हा तशीच गाडी रंगविता येई. येथे रंगाचा अधिकार मालकाचा नव्हता, कारखानदाराचाही नव्हता. तो शासनाचा होता. दिल्लीच्या टॅक्सीनेही काळ्या अंगावर पिवळा टप चढविला आणि नैसर्गिक वायूवर चालू लागल्यावर त्यात हिरव्या पट्ट्याची भर पडली. कोलकात्यात काळ्या-पिवळ्या आणि सबंध पिवळ्या अशा दोन्ही प्रकारच्या टॅक्सी धावत. पुढे पिवळी अँबॅसडर हीच त्या शहराची खूण ठरली.

ह्या खुणा एकेक करून पुसल्या जात आहेत. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी मुंबईत ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून निवृत्त झाली. उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अँबॅसडरचे काम २०१४ च्या मे महिन्यात थांबले. काळा-पिवळा पोशाख इतर बनावटीच्या टॅक्सींवर राहिला खरा. पण ज्या अंगावर आपण तो पाहिला होता ते अंग गेले. दुसरीकडे, ज्या दुरंगी गाड्या एके काळी गल्लीतला पेंटर करून देई त्या आता कारखान्यातूनच निघतात. मारुती सुझुकीची व्हितारा ब्रेझा २०१६ साली आली तेव्हा निराळ्या रंगाच्या टपासह ती घेण्याची सोय होती; मागोमाग इतर कंपन्यांनीही तो मार्ग धरला. दुरंगीपणा पुन्हा प्रतिष्ठित झाला आहे.

आता आरंभी सांगितलेल्या घरगुती वादाकडे वळू. पन्नास वर्षांची गाडी दारात आहे आणि तिला दोन रंग द्यावयाचे आहेत. योजना कशी करावी? इतिहासाने दिलेला पहिला सल्ला असा की, रंगाच्या पुस्तकाआधी गाडीच वाचावी. मागच्या आसनाच्या पाठीमागे, डिकीच्या सतरंजीखाली, डॅशबोर्डच्या आत मूळ रंग बहुधा शिल्लक असतो. एखाद्या झाकल्या कोपऱ्यात पॉलिश पेपरने हलकेच घासले तर झाडाच्या वर्तुळांप्रमाणे एकाखाली एक रंगाचे थर दिसू लागतात. हा दस्तऐवज आहे. नवे काम सुरू होण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत आणि शक्य तर एक छोटा कोपरा तसाच राखून ठेवावा. पुष्कळदा ह्या शोधात दोन्ही पक्षांना धक्का बसतो : ज्याला घरातले सारे ‘मूळ रंग’ समजत होते तो दुसरा किंवा तिसरा निघतो.

दुसरी गोष्ट रेघेची. गाडीच्या बाजूचे चित्र कागदावर उतरवून तीन-चार निरनिराळ्या मांडण्या रंगवून पाहाव्यात. मग पसंतीच्या जागी प्रत्यक्ष गाडीवर बारीक पट्टी चिकटवावी आणि वीस पावले मागे जाऊन, पुढून, मागून, दोन्ही कुशींकडून पाहावे. अँबॅसडरचे अंग गोलाईचे आहे. तिच्यावर ओढलेली सरळ रेघ डोळ्यांना वाकडी दिसू शकते. फियाटच्या मागल्या भागाला कड आहे. तेथे पत्रा स्वतःच वाट दाखवितो. घडणीने दिलेली हद्द सोडून रेघ भलतीकडे नेऊ नये, हा बग्गीवाल्या सुतारापासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीपर्यंतचा अनुभव आहे. दोन रंगांचे क्षेत्र निम्मे-निम्मे करू नये. एकाने यजमान व्हावे आणि दुसऱ्याने पाहुणा. टप फिका असला तर आपल्या उन्हात गाडी कमी तापते, हा व्यवहारही विसरू नये. रंग निश्चित करण्यापूर्वी पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून तो सकाळी आणि भर दुपारी, दोन्ही वेळा पाहावा. कारण दुकानातल्या दिव्याखाली जो रंग मोरपंखी वाटतो तो उन्हात भलताच निघतो.

तिसरी गोष्ट कामाच्या क्रमाची. सामान्यतः फिका रंग आधी देतात आणि गडद नंतर, कारण गडद रंग फिक्याला सहज झाकतो, उलट होत नाही. पहिला रंग पुरता वाळल्याखेरीज त्यावर पट्टी लावू नये. झाकण्यासाठी वर्तमानपत्र वापरण्याचा मोह टाळावा. थिनरने त्याची शाई सुटून रंगावर उतरू शकते. पट्टी काढताना ती सरळ ओरबाडू नये, स्वतःवरच मागे दुमडून सावकाश ओढावी. दार उघडल्यावर आतल्या कडेला कोणता रंग दिसणार, बॉनेटची आणि डिकीची किनार कोणत्या रंगाची, हे प्रश्न आरंभीच सोडवावेत. नाहीतर गाडी बाहेरून दुरंगी आणि आतून तिरंगी होते. शेवटी दोन्ही रंगांवर मिळून पारदर्शक थर दिला, तर सांध्याची कड बोटाला लागत नाही. आणि गाडीचा रंग हा नोंदणी-पुस्तकातला एक रकाना आहे, ह्याचे विस्मरण नको. रंग बदलल्यावर परिवहन कार्यालयात ती नोंद सुधारून घ्यावी लागते.

मग दोन रंग द्यावेत की मूळ रंगच राखावा? २०२१ साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी ओळख देणारे नियम केले आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्ही ए’ ही अक्षरे घातली. चासी, अंगाचा सांगाडा किंवा एंजिन ह्यांत मोठा फेरफार केलेला नसावा, अशी त्यात अट आहे. ह्यावरून एक विवेक शिकता येतो. गाडीच्या हाडामांसाला हात लावू नये. वस्त्र मात्र काळाप्रमाणे बदलता येते, आणि ते पूर्वीही बदललेले आहे. ज्या गाडीच्या अंगावर कारखान्याचा अस्सल रंग अद्याप शाबूत आहे तिला आम्ही हात लावू देणार नाही. तेथे वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे. जिचा मूळ रंग पूर्वीच तीन थरांखाली गेला आहे आणि त्याची नोंद छायाचित्रांत राखली आहे, ती गाडी तरुणांनी मनाजोगती दुरंगी करावी. त्यांचा तो अधिकार कुर्ल्याच्या आणि उत्तरपाड्याच्या काळात आपल्याला मिळाला नव्हता, एवढे मात्र त्यांनी ध्यानात ठेवावे.

काम पूर्ण झाले की एक साधी गोष्ट करावी. दोन्ही रंगांची नावे व क्रमांक, रेघ कोठून कोठे नेली त्याचे चित्र, कामाची तारीख आणि ज्याच्या हातून ते झाले त्या पेंटरचे नाव एका कागदावर लिहावे आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. गेल्या पन्नास वर्षांत अशी कितीतरी सुरेख कामे झाली. करणाऱ्यांची नावे राहिली नाहीत. पुढे कधीतरी आपली नातवंडे त्या गाडीचा रंग घासून आतला थर शोधू लागतील, तेव्हा त्यांच्या हाती निदान एक कागद असावा.